वरचा एक युआन

प्रभाकर चौलकर आणि मी, आमची दोघांची दुकानं पनवेलच्या लाइन आळीत भिंतीला भिंत लावून आहेत. माझं चष्म्याचं, त्याचं चांदीचं. मधली भिंत इतकी नावापुरती आहे की त्याने ऐरणीवर हातोडी घातली की माझ्या कपाटातल्या फ्रेमा थरथरतात. नवीन गिऱ्हाईक दचकतं. मी सांगतो, "घाबरू नका, शेजारी पोरांचे पाय सजवणं चाललंय."

पाटीवर 'सुवर्णकार' असं लिहिलेलं असलं तरी त्याच्या दुकानात सोनं शोधून सापडायचं नाही. प्रभाकर फक्त वाळे करतो. तान्ह्या बाळाच्या पायातले, घुंगरू लावलेले चांदीचे वाळे. चांदी आटवायची, जंत्रीच्या भोकांतून ओढून तिची तार करायची, तारेला पीळ द्यायचा, मग एकेक घुंगरू टाक्याने जोडायचं. त्याचे वडील पैंजण, जोडवी, देवाची भांडी, सगळं करायचे. ह्याला दुसरं काही जमत नाही, असं तो स्वतःच सांगतो. मी त्याला चिडवतो, की तुझं गिऱ्हाईक बोलायला लागायच्या आत तुला सोडून जातं. त्यावर तो म्हणतो, "म्हणून तर तक्रार येत नाही."

माणूस सरळ, पण हट्टी. त्याची बायको आशालता, मी तिला आशावहिनी म्हणतो, तिचं म्हणणं असं की देवाने ह्यांना हात दिले आणि तोंड द्यायला विसरला. मला हे पटत नाही. तोंड आहे, फक्त ते चांदीच्या बाबतीतच उघडतं. एरवी तो चहा मागवतो, भिंतीवर दोन टिचक्या मारून मला बोलावतो आणि आम्ही दोघं न बोलता चहा पितो. आमची मैत्री अशी आहे.

गेल्या काही वर्षांत त्याचं गिऱ्हाईक आटलं. मॉलमध्ये गुलाबी डबीत साच्यातले वाळे मिळतात, हलके, चकचकीत, घुंगरू नसलेले. नव्या आया म्हणतात, घुंगरू टोचतं, आवाजाने बाळ उठतं. ज्यांच्या जमिनींना भाव आला ते एसी शोरूममध्ये जातात आणि सोन्याखाली बोलत नाहीत. उरल्या त्या चिरनेरच्या रंभासारख्या आज्या. रंभा प्रत्येक नातवंडाला वाळे प्रभाकरकडूनच नेते. आधी तासभर भाव पाडते. "शेट, चांदीला सोन्याचा भाव लावतंस काय? आमी काय आज येताव काय तुजे दुकानान?" असं ऐकवते आणि सगळं मनासारखं पाडून झालं की कनवटीचा एक रुपया काढून वर ठेवते. "ह्यो वरचा घे. पोराचं काम हाय. सुन्यावर नाय थांबवाचं." प्रभाकर तो रुपया कपाळाला लावून गल्ल्यात टाकतो. ह्यात नवल काहीच नाही. आहेराच्या पाकिटाला नाणं चिकटवणाऱ्या मुलखात आम्ही राहतो. शून्य म्हणजे संपलं, आणि एक म्हणजे पुढे आहे.

पण अशा आज्या किती? प्रभाकरचा मुलगा निनाद ऐरोलीला नोकरीला आहे. मुलगा वाईट नव्हे, फक्त हिशोबी. तो म्हणायला लागला, "बाबा, गाळा मोबाइल कव्हरवाल्याला भाड्याने द्या आणि खांदा कॉलनीत घरी आराम करा." प्रभाकरला पैशाची ददात नव्हती. त्याला एवढंच हवं होतं की आपण केलेले वाळे कुठल्यातरी बाळाच्या पायात वाजावेत. ते कुणाला नकोच असतील तर करायचे कशाला, हा प्रश्न निनादपेक्षा त्यालाच जास्त छळत होता. शेवटी बापलेकांत ठरलं, की पाडव्यापर्यंत पाहायचं. हातचं काम मागणारं गिऱ्हाईक तोवर उभं राहिलं तर ठीक, नाहीतर ऐरण उचलायची. शब्द प्रभाकरने आपणहून दिला. तो शब्दाचा पक्का, त्यामुळे धास्तीही त्यालाच जास्त.

गिऱ्हाईक उभं करायचं मनावर घेतलं ते सुनेने. ऋचा पुण्याची. बेलापूरला एका कंपनीत काम करते. परदेशात माल विकणाऱ्यांना तिथल्या लोकांकडून ऑनलाइन पैसे घेता यावेत, अशी सोय ही कंपनी करून देते. हे काम नेमकं काय ते माझ्या डोक्यात शिरायला बरेच चहा लागले. माल पाठवणं सोपं असतं म्हणे. समोरचा माणूस ज्या पद्धतीने पैसे द्यायला सरावलेला आहे, ती पद्धत आपल्या दुकानात नसेल तर तो भांडत बसत नाही, निघून जातो.

एका शनिवारी ती दुकानात आली आणि म्हणाली, "बाबा, चीनमध्ये बाळ महिन्याचं झालं की समारंभ करतात. तेव्हा नातेवाईक चांदीची कडी देतात, घुंगरू लावलेली. अगदी तुम्ही करता तशी."

मी मध्ये तोंड घातलंच. "अगं, आपल्या गणपतीच्या दिव्यांच्या माळासुद्धा तिकडून येतात. ही उलटी गंगा वाहायची कशी?"

"काका, गंगा वाहील," ती म्हणाली. "पैसे वाहतील की नाही, ते बघायचंय."

निनाद हेच म्हणाला असता तर प्रभाकरने ऐकलं नसतं. सोनाराने कान टोचावेत म्हणतात. इथे सोनाराच्या घरात ते काम सुनेने केलं.

ऋचाने निर्यातीचा परवाना काढला, फोटो काढले, संकेतस्थळ उभं केलं. सुरुवातीला किमती डॉलरमध्ये होत्या आणि पैसे द्यायला क्रेडिट कार्ड. लोक आले, पाहून गेले. मग तिने आम्हाला समजावलं, की तिथे परदेशात चालणारं कार्ड बाळगणारे थोडे. भाजीवालीपासून डॉक्टरपर्यंत सगळे फोनवर कोड स्कॅन करतात, अलीपे नाहीतर वीचॅट पे. ते नसेल तर दुकानाचं शटर खाली असल्यासारखंच.

"म्हणजे आपल्या करंजाच्या कोळणीसारखं," प्रभाकर म्हणाला. "तिच्याकडे सुटे नसतात, पाटीखाली कोड असतो."

पण कोळणीला जे जमतं ते प्रभाकरला सहज जमणारं नव्हतं. तिथलं थेट खातं उघडायला तिथली कंपनी हवी, तिथली बँक हवी. बाहेरच्या माणसाने मध्यस्थ धरायचा. गिऱ्हाईक आपल्या फोनवरून युआन देणार, मध्यस्थ त्यातला आपला टक्का कापून घेणार आणि उरलेले रुपये होऊन पनवेलच्या बँकेत येणार. मध्यस्थ मिळाला सिंगापूरचा. त्याने प्रभाकरचं पॅन कार्ड मागितलं, दुकानाचा परवाना मागितला, दुकानाचा फोटो मागितला. फोटोसाठी प्रभाकरने केस विंचरले आणि मीही उगाच विंचरले. मग एक साहेब व्हिडिओवर आले आणि विचारू लागले, तुमचा कारखाना कुठे आहे. प्रभाकरने हातातली हातोडी वर करून दाखवली. साहेबांनी काहीतरी लिहून घेतलं आणि मंजुरी दिली.

त्यानंतरही अडचणी होत्याच. 'मी यंत्रमानव नाही' असं सांगायला एक चौकोन टिचकवायचा असतो ना, तो त्या देशात उघडतच नव्हता आणि पान तिथेच लटकून राहायचं. तो काढला. पान उशिरा उघडतं म्हणून सगळा बाडबिस्तरा हाँगकाँगच्या सर्व्हरवर हलवला. वीचॅट आपल्याकडे बंद, त्यामुळे आपलंच दुकान गिऱ्हाइकाला कसं दिसतं ते ऋचाला आपल्या फोनवर पाहता येईना. तिच्या ऑफिसातला एक तमिळ सहकारी सिंगापुरात होता. त्याने चाचणीपुरता एकच युआन भरून पाहिला आणि कळवलं, चालतंय.

आता किंमत युआनमध्ये लिहायची होती. ऋचा दुकानात लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. "बाबा, सगळा खर्च धरून लहान जोड पाचशेला बसतो. पाचशे लिहू?"

प्रभाकरची हातोडी थांबली. "नुसते पाचशे?"

"कमी होतात का?"

"कमी नाहीत. पण बाळाची वस्तू शून्यावर थांबवायची? वर एक लाव."

"मग पाचशे एक लिहिते."

"तसं नको. पाचशे आपले, एक बाळाचा. तो वेगळा दिसायला हवा. पाकिटावर नाणं असतं, तसा."

ऋचाला कल्पना फार आवडली. मलाही आवडली आणि मी मान डोलावली. इथे न डोलावणारा माणूस मला कुणी दाखवावा. तिने किमतीच्या पानावर पाचशे ठेवले आणि अगदी शेवटी, जिथे एकूण रक्कम येते आणि कोड स्कॅन करायचा असतो, तिथे वेगळी ओळ घातली: बाळासाठी शुभ एक. खाली एकूण पाचशे एक. मोठ्या जोडालाही तसंच. प्रभाकरने पडद्याकडे पाहून समाधानाने नाक ओढलं आणि पुन्हा तार ओढायला लागला.

लोक येऊ लागले. आता ते पाहून जात नव्हते. निवडत होते, पत्ता भरत होते आणि शेवटच्या पानापर्यंत पोचून परत फिरत होते. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते कळेना. शेवटचं पान पैशाचं, तेव्हा दुखणं पैसे देण्याच्या सोयीतच असणार, असं ऋचाने ठरवलं. कुणीही तसंच ठरवलं असतं. तिने तिथल्या बँकांच्या कार्डांची सोय जोडली. अलीपेची निळी आणि वीचॅटची हिरवी खूण मोठी केली. कोड आधी, बटण नंतर, मग बटण आधी, कोड नंतर. मध्यस्थाशी भांडली. तो बिचारा दरवेळी कळवायचा, की आमच्या बाजूने काही अडलेलं नाही. रोज संध्याकाळी प्रभाकर तिला फोन करायचा आणि रोज एकच उत्तर यायचं: "शेवटच्या पानावरून परत, बाबा."

"माल आवडतो, भाव पटतो आणि पाकीट बाहेर काढून माणूस उठून जातं," तो मला म्हणाला. "असं कधी होतं का?"

"माझ्याकडे रोज होतं," मी म्हणालो.

तो हसला नाही. त्याच सुमारास त्याने चहा मागवणं बंद केलं. भिंतीवर टिचक्या येईनात, म्हणून मीच चहा घेऊन जाऊ लागलो. फाल्गुन लागला. मोबाइल कव्हरवाला येऊन फीत लावून गाळा मोजून गेला, ऐरण कुठून बाहेर काढावी लागेल तेही पाहून गेला. प्रभाकरने त्याला फीत धरायला मदत केली. मला त्या माणसाचा राग आला, आणि त्याहून जास्त प्रभाकरचा. असल्या वेळी माणसाने निदान फीत तरी धरू नये.

आणि एका गुरुवारी मागणी आली. लहान जोड. पाचशे एक युआन, वीचॅटवरून, पूर्ण भरलेले. ऋचाने बेलापूरहून फोन केला तेव्हा तिचा आवाज मला भिंतीपलीकडून ऐकू आला. आशावहिनी रिक्षा करून पेढे घेऊन आल्या. मी दोन खाल्ले. प्रभाकरने एक पेढा ऐरणीवर ठेवला आणि हात धुऊन नवी चांदी मुशीत घातली.

तिथेच तो अडला. मागणीत बाळाचं वय लिहायला जागा होती, ती कोरी होती. नुसतं 'सगळ्यांत लहान' एवढंच. "लहान म्हणजे केवढं? पाय बघितल्याशिवाय मी काय करू?" तो म्हणाला. मागणी करणाऱ्या बाईचं आडनाव लिन होतं, फोन नंबर होता, आणि ती चेंगदू शहरात शाळेत इंग्रजी शिकवते असं तिने ऋचाला कळवलं. बोलायला तयार होती. शनिवारी दुपारी व्हिडिओवर बोलायचं ठरलं. मी माझं शटर अर्धं ओढून शेजारी जाऊन बसलो. बाळ बघायला म्हणूनच बसलो होतो.

पडद्यावर तिशीची बाई आली. केस मागे बांधलेले, मागे खिडकीत कुंड्या. प्रभाकरने तयार वाळ्यांचा एक जोड हातात धरून वाजवून दाखवला. ती बघत राहिली. ऋचाने इंग्रजीत अभिनंदन केलं आणि विचारलं, की मापासाठी बाळाचं वय हवं होतं. ऋचा विचारायची, बाई उत्तर द्यायची, ऋचा आम्हाला मराठीत सांगायची, असं चाललं होतं.

"अठरा दिवस," ऋचाने सांगितलं.

"अठरा दिवसांचं!" प्रभाकर खूश झाला. "मग तिला सांग, मी टोकं उघडी ठेवतो. जोडत नाही. पाय भरला की जरा ताणायचं, वर्षभर सहज चालतात."

ऋचाने सांगितलं. बाई काहीतरी बोलली. ऋचा आमच्याकडे वळली नाही.

"काय म्हणते?" प्रभाकरने विचारलं.

"ताणावे लागणार नाहीत म्हणते." ऋचा पडद्याकडेच बघत होती. "मुलगी अठरा दिवसच होती, बाबा."

मला उठून जावंसं वाटलं. उठता येत नव्हतं, कारण वाटेत लॅपटॉप होता.

बाई रडत नव्हती. शिकवणाऱ्या माणसाला एखादी गोष्ट सांगायची सवय असते, तशी ती सांगत गेली आणि ऋचा तुटक तुटक आम्हाला देत गेली. दिवस गेलेले असताना तिने महिन्याच्या समारंभासाठी हे वाळे निवडून ठेवले होते. मग सगळं झालं. नंतर एक दिवस ते निवडलेलं काढून टाकावं म्हणून तिने पान उघडलं आणि काढायच्या ऐवजी, का कोण जाणे, शेवटपर्यंत गेली. तिथे तिला तो एक दिसला.

"त्यांच्याकडे आनंदाच्या घरी जोडीचा आकडा देतात," ऋचा म्हणाली. "आनंद दुसऱ्याला घेऊन यावा म्हणून. वर एक असलेले पैसे," इथे ती अडखळली, "वर एक असलेले पैसे मयत झालेल्या घरी नेतात. दुःखाला सोबत मिळू नये, ते एकट्याने येऊन जावं, म्हणून."

प्रभाकरने हातातले वाळे ऐरणीवर ठेवले.

बाई पुढे बोलली. एवढ्याशा जिवासाठी त्यांच्याकडे काही करत नाहीत. घरातली मोठी माणसं म्हणाली, विसर. दारात कुणी आलं नाही, कुणी पाकीट आणलं नाही. शेवटच्या पानावर तो एक पाहून तिला वाटलं, की लांब कुठेतरी असे लोक आहेत, जे गेलेल्या बाळांसाठीही वाळे करतात. म्हणून तिने पैसे भरले.

ऋचाने तिला खरं काय ते सांगितलं की नाही, मला इंग्रजी चालताना कळलं नाही. पुढे तिने सांगितलं, की तेव्हा नाही सांगितलं. मापासाठी लिन बाईने अंगठा आणि बोट जुळवून गोल करून दाखवला. प्रभाकरने पुढे वाकून, चष्मा वर करून तो गोल नीट पाहिला आणि मान हलवली.

फोन बंद झाला. मग प्रभाकर म्हणाला, "म्हणजे बाळंतिणीची माणसं हौसेने माझ्या दारात यायची आणि मी त्यांना मर्तिकाचा पैसा दाखवत होतो."

"चूक माझी आहे, बाबा," ऋचा म्हणाली. "हे माझं काम आहे. तिथे लोक पैसे कशाने देतात ते मी सगळं शोधून काढलं. कशासाठी किती देतात, ते कुणाला विचारलंच नाही."

"तो एक मी लावायला सांगितला."

"मी लावला."

दोघं असं थोडा वेळ भांडले. भांडण बरं वाटत होतं, कारण निदान आवाज येत होता. मग प्रभाकरला वाटू लागलं, की तिचे पैसे परत करावेत आणि वाळे तसेच पाठवावेत. ऋचा म्हणाली, एक बटण दाबलं की परत जातील. तिचं बोट तिथे होतंही.

"परत करू नका," आशावहिनी म्हणाल्या. त्या मघापासून दारापाशी स्टुलावर बसून सगळं ऐकत होत्या. "तिच्याकडे कुणी काही नेलं नाही. तिने तो एक आपल्या हाताने दिलाय. तो तिच्याकडे परत गेला तर तिला काय वाटेल?"

ऋचाने बोट काढलं.

मी माझ्या दुकानात आलो. चष्मेवाल्याला एक सोय असते, डोळे पुसले तरी लोकांना वाटतं काच तपासतोय. मला त्या बाईसाठी वाईट वाटलं, हे उघड आहे. पण त्याहून जास्त तिच्या दारात न आलेल्या लोकांचा राग आला. मग आठवलं, की आपल्याकडेही एवढ्या जिवाला अग्नी देत नाहीत, पुरतात आणि घरी येऊन गप्प बसतात. अशा घरातले वाळे कधीमधी प्रभाकरकडे मोडीत येतात. आणणारा माणूस खाली बघून उभा असतो. प्रभाकर वजन करतो, पैसे देतो आणि विचारत काही नाही. मीही ते पाहिलंय आणि विचारलं काही नाही. तेव्हा चेंगदूच्या लोकांना नावं ठेवायचा मला काय अधिकार?

लिन बाईचा जोड त्याने दुसऱ्याच दिवशी केला. इतका लहान जोड मी त्याच्या हातून कधी झालेला पाहिला नव्हता. टोकं त्याने उघडी ठेवली नाहीत. टाका घालून जुळवली, घासली, उजाळा दिला. कुठे जोडलंय ते माझ्या भिंगातूनही दिसेना.

मग ऋचाने लिन बाईला सगळं खरं लिहिलं. एक आम्ही का लावला होता, तो आमच्याकडे काय असतो, आणि तो पाहून किती जण परत गेले. उत्तर यायला वेळ लागला. तिने लिहिलं, की वाळे मिळाले, ते बरोबर बसतात. कशाला बसतात ते तिने लिहिलं नाही. खाली तिने सल्ला दिला होता, की आनंदाच्या जोडाला पाचशे अठ्ठ्याऐंशी लावा, आमच्याकडे आठ चांगला.

ऋचाने शेवटच्या पानावरची ओळ काढली आणि किमती बदलल्या. पैसे देण्याची सोय तीच राहिली, निळी खूण, हिरवी खूण, तोच मध्यस्थ, तोच टक्का. आठवडाभरात मागण्या सुरू झाल्या. पाडव्याला निनाद गाळ्याचा विषय न काढता श्रीखंड जेवून गेला. मोबाइल कव्हरवाला टिळक रोडला गेला असं ऐकतो. रंभा येते, भाव पाडते, वरचा रुपया ठेवते, आणि प्रभाकर तो कपाळाला लावून घेतो. भिंतीवर टिचक्याही येतात.

किमती बदलताना मी तिथेच होतो. ऋचा एकेक जोड वाचत होती आणि प्रभाकर काम न थांबवता हं म्हणत होता. सगळ्यांत लहान जोडावर तो म्हणाला, "तो राहू दे."

"पाचशे एक?"

"तो तसाच राहू दे. दुकानाच्या तोंडावर नको, वेगळ्या पानावर. शोधणाऱ्याला सापडेल असा ठेव."

ऋचाने लिन बाईला विचारलं. तिने त्या पानासाठी चिनी भाषेत दोन ओळी लिहून पाठवल्या, त्यांचा अर्थ आम्ही कुणी विचारला नाही. दोन-तीन महिन्यांतून एखादी मागणी त्या पानावरून येते. ऋचा बेलापूरहून फोन करते, "बाबा, एक आलाय." त्या मागणीला बाळाचं वय विचारायला कुणी फोन लावत नाही. प्रभाकर हातातलं काम बाजूला ठेवतो, तो जोड आधी करायला घेतो आणि त्याची टोकं जुळवतो.